तुमचा प्रोजेक्ट विंडोजचं ऐकतो का?

दोस्तांनो, तुम्ही साताऱ्यात बीसीए करत असा नाहीतर सांगलीत वालचंदला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट काही चुकत नाही. डेमोच्या आधी एक करून बघा. विंडोजवर डावीकडचं ऑल्ट आणि डावीकडचं शिफ्ट धरून प्रिंट स्क्रीन दाबा. हाय कॉन्ट्रास्ट सुरू करायचं का, असं विचारलं की हो म्हणा. स्क्रीन काळी होते, अक्षरं ठळक उठून दिसतात. आता प्रोजेक्ट उघडा. तो बदलला, की आपला पांढराफटक तसाच?

तसाच असेल तर त्याला कारण आहे. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीकडे एकच प्रोग्रॅम चालवायचा, तर बटणं काढायची कुणी? डब्ल्यूएक्सविजेट्ससारखं टूलकिट त्या त्या सिस्टीमचीच बटणं वापरतं, म्हणून थीम बदलली की तीही बदलतात. जावा स्विंग आणि फ्लटर मात्र सगळं स्वतः रंगवतात. स्विंगचा तो राखाडी-निळा चेहरा, 'मेटल', लॅबमध्ये पाहिला असेलच. नेटबीन्समध्ये फॉर्म ओढून बनवलात तर कोडमध्ये 'निंबस' आयता चिकटवलेला सापडेल. त्याऐवजी सिस्टीमचा लूक अँड फील मागणारी ओळ खिडकी उघडायच्या आधी टाकता येते. पण आपण काय करतो? प्रत्येक पॅनेलला हौसेने आवडीचा रंग फासतो आणि तिथेच माती खातो. फ्लटर तर सिस्टीमला डार्क हवं का, हे स्वतःहून बघतो. डार्क थीम लिहून द्यायचा कंटाळा आपलाच.

मी मास कॉमवाली, मला कोडिंगमधलं काय कळतं म्हणाल. पण तुम्ही बनवलेल्या खिडकीसमोर बसणार माझ्यासारखेच ना? आणि प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही. ज्याला कमी दिसतं, त्याला हाय कॉन्ट्रास्ट ही फॅशन नसते, त्याशिवाय त्याला फॉर्मच वाचता येत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीची नोंद आहे. तुमचं 'लायब्ररी मॅनेजमेंट' वापरणाऱ्यांत असा कुणी नसेलच, हे कशावरून?

मोठ्यांनाही हे पटकन जमलेलं नाही. विंडोज 10 मध्ये अ‍ॅपसाठी डार्क मोड 2016 ला आला. लिबरऑफिसमध्ये डार्क आणि हाय कॉन्ट्रास्टची मोठी दुरुस्ती व्हायला 7.5 आवृत्ती, म्हणजे फेब्रुवारी 2023 उजाडलं.

तरी व्हायवाला एक्स्टर्नल विचारणार ईआर डायग्रॅम. "थीम बदलून दाखव" असं कुणी म्हणत नाही. म्हणायला हवं, आणि त्याला मार्कही हवेत. तोवर तुम्हीच तपासा. लिनक्सवर बघायचं तर वालचंदमध्ये लिनक्स युझर्स ग्रुप आहे. साताऱ्याहून तेवढं लांब जायचं नसेल तर पेन ड्राइव्हवरूनही उबुंटू चालू होतं, लॅपटॉपमधल्या विंडोजला हात लावावा लागत नाही.

आणि हो, ती काळी स्क्रीन घालवायला परत तीच तीन बटणं.