गेम हिसकावू नका, मुलांना गेम बनवू द्या!



पालक सभेत हमखास ऐकू येणारं वाक्य : "बाई, पोरगा मोबाईलवरचा गेम सोडतच नाही, तुम्हीच ओरडा त्याला." ओरडून पाहिलं. दोन दिवस फरक पडतो, तिसऱ्या दिवशी मोबाईल पुन्हा हातात. म्हणून आता मी पालकांना वेगळंच सांगते. मुलाला स्वतःचा गेम बनवू द्या, तोही हातात मावणाऱ्या घरगुती यंत्रावर.

आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी महालक्ष्मीच्या यात्रेतून ब्रिक गेम आणला असेल. तसंच यंत्र आज हजार रुपयांच्या आत घरी जुळवता येतं. आर्डुइनो नॅनो नावाचं बोटभर लांबीचं बोर्ड, एक इंचाहून लहान ओएलईडी पडदा, तीन-चार बटणं, पेन्सिल सेल आणि पुठ्ठ्याचा डबा, एवढंच सामान लागतं. मोबाईलची जुनी बॅटरी मात्र मुलांच्या हातात देऊ नका, आणि सोल्डरिंग मोठ्यांनीच करावं.

"पण यात अभ्यास कुठे आहे?" असं विचाराल. बघा.

पडद्यावर आडवे 128 आणि उभे 64 ठिपके असतात. एकूण किती? 8192. हा गुणाकार मुलं आपणहून करतात, कारण उत्तर त्यांना हवं असतं. चित्र आधी चौकटीच्या वहीत काढायचं, भरलेला चौकोन म्हणजे पेटलेला ठिपका. आमच्या मुलांनी वारली माणूस काढला, टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण. आठ चौकोनांत तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांची का दिसते, यावर अर्धा तास चर्चा झाली.

मग खेळाचे नियम. झाडावरून चिकू पडतात, टोपलीत झेलायचे. किती सुटले की खेळ संपला? सडका चिकू झेलला तर गुण कापायचे का? "जर असं झालं तर तसं" अशी वाक्यं मुलांनी सांगितली, मी त्यांचा प्रोग्राम लिहिला. खोटं कशाला सांगू, चौथीतल्या मुलाने स्वतः कोड टाईप करावा अशी माझी अपेक्षाच नाही. विचार त्याचा असला म्हणजे झालं.

पुठ्ठ्याचा नमुना केला तेव्हा एक डावखुरी मुलगी म्हणाली, "बाई, मला असं जमत नाही." मग बटणांची जागा बदलली. दुसऱ्याच्या सोयीचा विचार करायला याहून चांगला धडा कुठला? पुढे एकदा बटण दाबलं की टोपली दोन घरं सरकायला लागली. मुलं म्हणाली, बिघडलं. खरं कारण असं की बटणातला पत्रा दाबताना क्षणभर उसळतो आणि यंत्र ते दोनदा मोजतं. प्रोग्रामला जरासं थांबायला सांगितलं की झालं. चूक शोधता येते, हे मुलांनी तिथे पाहिलं.

साधं सामान म्हणजे कमी दर्जाचं, असं समजू नका. निंटेंडोच्या गुनपेई योकोई यांनी जुन्या, स्वस्त तंत्रातूनच नवे खेळ घडवले. त्यांचा 1989 चा गेम बॉय रंगीत नव्हता, तरी जगभर चालला. आणि लांब कशाला जायचं? आपल्याच तालुक्यात, बोर्डी आणि कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, दगड वापरून बालवाडी उभी केली. डहाणू-तलासरीच्या शिक्षकाने "साधनं नाहीत" म्हणावं, हे मला पटत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. एका शाळेत मी विज्ञानाचं किट सील न फोडता कपाटात ठेवलेलं पाहिलंय. कारण काय, तर डेडस्टॉकला नोंद आहे, फुटलं तर भरून कोण देणार? अटल टिंकरिंग लॅब आहेत, पण त्या सहावीपासून पुढे. तोवर आपली मुलं फक्त दुसऱ्यांचे गेम खेळत बसणार का? ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही, त्यांना तर "हे मीही बनवू शकतो" असं वाटायची जागा शाळाच आहे.

सामान नंतर आणा. उद्या फक्त चौकटीची वही आणि पुठ्ठा घ्या, आणि मुलांना विचारा, "तुझ्या खेळात काय असेल?" काय उत्तरं आली ते जरूर कळवा.