दिवा लावणारे आणि दिवा राखणारे

गेल्या हिवाळ्यात टोकावड्याच्या पुढे एका ठाकरवाडीत गेलो होतो. मुंबईच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुले स्वतः जुळवलेले सौरदिवे घेऊन तेथे आली होती. काळोख पडता पडता दिवे लागले, पोरे नाचली. एका आजीने मात्र दिवा उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "पोरांनो, बिघडला तर न्यायचा कोणाकडं?"

मुले एकमेकांकडे पाहू लागली. मला माझी जुनी शाखा आठवली.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी मुरबाड तालुक्यात एका बँकेत कर्जे मंजूर करीत होतो. गोबरगॅसची राष्ट्रीय योजना १९८१-८२ पासून सुरू होती. अनुदान सरकारचे, कर्ज आमचे आणि घाई मार्चअखेरची! मी मंजूर केलेल्या संयंत्रांपैकी पाच वर्षांनी गॅस देणारी किती उरली, हे वाचकांनी विचारू नये. एका अंगणात गंजलेल्या टाकीला शेळी बांधलेली मी स्वतः पाहिली. आणि तरीही हप्ता मागितला. यंत्र वाईट नव्हते. टाकीला रंग देणारा, नळी बदलणारा माणूस गावात नव्हता आणि त्या खर्चासाठी आमच्या अर्जात रकानाच नव्हता. कारखान्याच्या कर्जात आम्ही घसारा पै-पैशाने मोजायचो. गरिबाच्या यंत्राला घसारा नसतो, अशी बहुधा आमची समजूत होती.

शेजारच्या शहापूरचे दुःख आणखी निराळे. तानसा, भातसा यांचे पाणी मुंबईला जाते आणि तालुक्यातले पाडे चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहतात. दरीतले पाणी उन्हाच्या जोरावर वर चढवता येते, म्हणून येथे सौरपंपाचे मोल दिव्याहून मोठे. पण दिवा विझला तर रात्र अंधारात निघते. पंप बंद पडला तर बायकांच्या डोक्यावर पुन्हा हंडा येतो. शेतीपंपासाठी राज्याची २०२४ ची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आहे. शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच. दुरुस्तीची हमी पाच वर्षे. माझे बँकेतले डोके लगेच सहाव्या वर्षाकडे जाते.

मुरबाडहून माळशेज घाट चढला की जुन्नर तालुका लागतो. तेथल्या दरेवाडीत पुण्याच्या 'ग्राम ऊर्जा'ने २०१२ मध्ये चाळीसेक घरांसाठी साडेनऊ किलोवॅटच्या आसपासचा सौरप्रकल्प उभारला. मला त्यातली तबकडी नव्हे, वही आवडली. घरोघरी मीटर, वापराप्रमाणे बिल, वसुली गावाची. आणि त्यातूनच पुढच्या बॅटरीची तजवीज. मुंबईच्या आयआयटीने २०१४ मध्ये दहा लाख सौरदिव्यांचा उपक्रम घेतला, तेव्हा दिवा विद्यार्थ्याला १२० रुपयांना दिला. जुळणी आणि दुरुस्ती स्थानिक माणसांना शिकवून त्यांच्याकडेच सोपवली. फुकट दिला असता तर टाळ्या अधिक मिळाल्या असत्या.

ठाकरवाडीतल्या मुलांनी अखेर भिंतीवर खडूने फोन नंबर लिहिला. आजी हसली. "अन् तुमची परीक्षा झाल्यावर?"

तेव्हा त्यांच्यातल्या एका मुलीने पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि पाड्यातल्या नववीच्या पोराला शेजारी बसवून दिवा उघडला. मी निघालो तेव्हा एक स्क्रू हरवला होता आणि दुसऱ्या दिव्याच्या उजेडात सगळे तो शोधत होते.