कोसबाडच्या टेकडीवरचा धडा

अनुताई वाघ यांचे नाव महाराष्ट्रातील बालशिक्षणाशी कायमचे जोडले गेले आहे. त्यांचे स्वतःचे शिक्षण मात्र तुकड्यातुकड्यांत झाले. जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य बहुधा माजघरातच संपे. अनुताई शिकल्या. पुण्याच्या विमेन्स ट्रेनिंग कॉलेजातून १९२९ साली त्या प्राथमिक शिक्षिका होऊन बाहेर पडल्या आणि नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड भागात शिकवू लागल्या. पुढे पुण्यात हुजूरपागा शाळेत नोकरी मिळाली. दिवसा शिकवायचे आणि रात्रशाळेत शिकायचे, असे करत १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. बी.ए.ची पदवी मिळाली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

१९४५ साली त्या ताराबाई मोडकांबरोबर समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केले होते आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, त्यातही त्यांचा पुढाकार होता. मॉन्टेसरी पद्धत तोवर शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांपुरतीच होती. तिची साधने महाग, आणि शाळेत येणारे मूल न्हाऊनमाखून, पोटभर खाऊन येणार हे त्यात गृहीत धरलेले. खेड्यातल्या गरीब घरात यातले काहीच नव्हते. बोर्डीच्या ग्राम बालशिक्षा केंद्राने हा प्रश्न हाती घेतला.

गावात बालवाडी उघडली तरी गरीब वस्तीतली मुले तिथे येईनात. तेव्हा शिक्षिकाच वस्तीत जाऊ लागल्या आणि घरांपुढच्या अंगणात मुलांना जमवू लागल्या. ही अंगणवाडी. दिवसाची सुरुवात अक्षरांनी होत नसे. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, काहीतरी खायला द्यायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. लाकडी साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे आणि पाने आली. मोजणे, रंग ओळखणे, लहानमोठे लावणे यासाठी ती पुरेशी होती.

पुढे १९५०च्या दशकात हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि आसपासच्या पाड्यांवरची वारली मुले समोर आली. ती शाळेत का येत नाहीत, याची कारणे घराच्या रोजच्या कामात होती. आईबाप मजुरीला गेले की सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड येई. मुलगा गुरांमागे जाई. थोड्या मोठ्या मुलांचा दिवस कामातच जाई.

कोसबाडने प्रत्येक कारणाला वेगळे उत्तर दिले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचे नाव विकासवाडी. थोरली बहीण भावंडाला घेऊन येई, त्याला पाळणाघरात ठेवी आणि स्वतः वर्गात बसे. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असत तिथेच शिक्षिका जाई आणि मुलांना शिकवी. दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग होते. रात्रशाळेच्या बाकावर बसून शिकलेल्या अनुताईंना या वर्गांची गरज कुणी समजावून सांगावी लागली नसणार. शिकवण्यातही पाड्यावरची गाणी, नाच, झाडे आणि पाखरे होती, त्यामुळे मुलांना शाळा परकी वाटत नसे.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या आणि केंद्राची धुरा अनुताईंकडे आली. बालसेविकांचे प्रशिक्षण, लेखन आणि पाड्यांवरचे काम त्यांनी पुढे चालवले. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९२ साली त्यांचे निधन झाले. दरम्यान सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली होती. तिच्या केंद्रांनाही अंगणवाडीच म्हणतात आणि ती आज देशभर आहेत.

कोसबाडचा धडा मात्र अर्धाच घेतला गेला. शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. अंगणवाडीत ३ ते ६ वयाची मुले बसतात. त्याहून लहान बाळांना पोषण आहार मिळतो, लसीकरणाची नोंद होते. पण बहुतेक अंगणवाड्यांत त्यांना दिवसभर सांभाळण्याची सोय नाही. ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर किंवा बांधकामाच्या जागी असे बाळ आजही थोरल्या बहिणीच्या कडेवर असते. तिचे नाव पटावर असते आणि ती वर्गात नसते. तिला खरोखर शाळेत आणायचे असेल, तर शाळेला लागून पाळणाघर हवे.