धक्क्यावरचा पहिला हक्क

मुंबई बंदराच्या जमिनीचं पुढं काय करायचं, हा विषय अधूनमधून वर येतो आणि पुन्हा गोदीच्या भिंतीआड जातो. तो निघाला की कुणीतरी हमखास लंडनच्या कॅनरी वॉर्फचं नाव घेतं. ओसाड पडलेल्या गोदीचं त्यांनी जगातलं एक मोठं आर्थिक केंद्र केलं, मग आपण का नाही? माझं म्हणणं इतकंच, की कॅनरी वॉर्फचा दाखला द्यायचा तर त्याची पूर्ण गोष्ट सांगावी.

कॅनरी वॉर्फ ज्या भूभागावर आहे तो आयल ऑफ डॉग्ज थेम्स नदीच्या वळणात आहे. तिथं १८०२ मध्ये वेस्ट इंडिया डॉक्स सुरू झाल्या. गुलामांच्या कष्टातून पिकलेली कॅरिबियन बेटांवरची साखर इथल्या वखारींत येऊन पडे. पुढं दीडशे वर्षांत पूर्व लंडन गोद्यांनी भरून गेलं. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवरचे आपले कोकणातले खलाशीही या गोद्यांमध्ये उतरत. मग कंटेनर आला. शेकडो हातांनी कित्येक दिवस उतरवायचा माल क्रेन काही तासांत उतरवू लागली. जहाजं इतकी मोठी झाली, की त्यांना खोल पाणी लागू लागलं. ते नदीच्या मुखाकडं, टिलबरीला होतं. १९६७ ते १९८१ या अवघ्या चौदा वर्षांत शहरातल्या जुन्या गोद्या एकामागून एक बंद झाल्या. हमाल, क्रेनवाले, बोटी दुरुस्त करणारे, त्यांच्या जिवावर चालणारी दुकानं, सगळ्यांचीच रोजी एकदम गेली.

इथले लोक गप्प बसणारे नव्हते. शाळा आणि बससारख्या साध्या सोयींकडंही सरकार बघत नाही, म्हणून १९७० मध्ये आयल ऑफ डॉग्जच्या रहिवाशांनी पूल अडवले आणि आपण स्वतंत्र झाल्याचं जाहीर करून टाकलं. टेड जॉन्स हे त्यांचे पुढारी. पुढं रॉयल डॉक्सच्या लोकांनी १९८३ मध्ये स्वतःचा विकास आराखडाही तयार केला. घरं, पाळणाघरं, हाताला काम देणारे उद्योग, सगळं त्यात होतं.

पण निर्णय दुसरीकडं होत होते. थॅचर सरकारनं १९८१ मध्ये लंडन डॉकलँड्स विकास महामंडळ स्थापन केलं. जमीन आणि नियोजनाचे अधिकार स्थानिक पालिकांकडून काढून या महामंडळाकडं दिले. १९८२ पासून आयल ऑफ डॉग्जवर खास सवलतींचं क्षेत्र आलं. तिथं दहा वर्षं स्थानिक कर माफ, बांधकामाच्या खर्चावर आयकरात भरघोस सूट आणि परवानग्यांची कटकट जवळपास नाही. त्यातच १९८६ मध्ये लंडनच्या शेअर बाजारावरचे बरेच निर्बंध उठले. बँकांना व्यवहारांसाठी प्रशस्त, अखंड मजले हवे झाले. जुन्या सिटी भागातल्या अरुंद गल्ल्यांत ते मिळणं अवघड होतं. १९८७ मध्ये कॅनडाच्या राइकमन बंधूंची ऑलिंपिया अँड यॉर्क ही कंपनी कॅनरी वॉर्फ उभारायला पुढं आली. १९९१ मध्ये वन कॅनडा स्क्वेअर हा पन्नास मजली मनोरा उभा राहिला आणि ब्रिटनमधली सर्वांत उंच इमारत ठरला.

दुसऱ्याच वर्षी, मे १९९२ मध्ये, ही कंपनी बुडाली. मंदी होतीच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे तिथं पोचायचं कसं, याचं उत्तर तयार नव्हतं. १९८७ मध्ये सुरू झालेली डॉकलँड्सची हलकी रेल्वे इतक्या नोकरदारांसाठी बांधलेलीच नव्हती. बरेच मजले रिकामे राहिले. कॅनरी वॉर्फ खऱ्या अर्थानं उभं राहिलं ते १९९९ मध्ये ज्युबिली लाइन ही भुयारी रेल्वे तिथवर पोचल्यावर. मुक्त बाजाराचा विजय म्हणून हा दाखला देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की जमीन, करसवलत आणि रेल्वे या तिन्हींत जनतेचा पैसा होता.

त्या पैशाचं जनतेला काय मिळालं? एका टप्प्यावर तिथं एक लाखाहून जास्त माणसं कामाला होती, ही लहान गोष्ट नाही. पण गोदीत पाठीवर ओझी वाहिलेल्या माणसाला बँकेत जागा नव्हती, आणि त्याच्या मुलांना त्या जागेपर्यंत नेणारं शिक्षण वेळेवर मिळालं नाही. हे केंद्र ज्या टॉवर हॅम्लेट्स पालिकेत आहे, तिथं बालकांमधल्या गरिबीचं प्रमाण आजही देशात सर्वाधिक असलेल्या भागांत मोडतं. नदीकाठही पुरता लोकांचा झाला नाही. तिथले चौक आणि रस्ते खासगी मालकीचे आहेत. २०११ मध्ये आर्थिक विषमतेविरुद्धचं ऑक्युपाय आंदोलन तिथं येऊ नये म्हणून मालक कंपनीनं न्यायालयातून मनाई हुकूम आणला. आणि ज्या बँकांसाठी हे सारं उभारलं, त्यांतली एचएसबीसी आता आपलं मुख्यालय पुन्हा जुन्या सिटीकडं नेणार आहे. आता तिथं घरंही बांधली जातात. एकाच धंद्यावर किनारा टांगून ठेवला, की असं होतं.

याच शहरात, याच नदीकाठी, त्याच दशकात दुसरंही काही घडलं आणि ते फारसं कुणी सांगत नाही. साउथ बँकवरच्या कॉइन स्ट्रीटच्या रहिवाशांनी ऑफिसांच्या इमारतींविरुद्ध लढा दिला. १९८४ मध्ये तेव्हाच्या ग्रेटर लंडन कौन्सिलनं सुमारे तेरा एकर जमीन त्यांच्या संस्थेला स्वस्तात दिली, वापरावर अटी घालूनच. तिथं सहकारी घरं झाली, बाग झाली, नदीकाठचा रस्ता सर्वांसाठी खुला झाला. ऑक्सो टॉवरच्या जुन्या इमारतीत खाली दुकानं, वर उपाहारगृह आणि मधल्या मजल्यांवर सहकारी घरं आहेत. दोन्हीकडं फरक पडला तो एकाच गोष्टीनं. अट कधी घातली? जमीन हातातून जाण्याआधी की नंतर?

म्हणून मुंबईकडं बघताना मला घाई वाटते. ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत पूर्व किनाऱ्यावर बंदराची सुमारे अठराशे एकर जमीन आहे. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि लंडनचं टिलबरीकडं गेलं तसं आपलं मालवाहतुकीचं मोठं काम पलीकडं गेलं. या जमिनीचं काय करायचं हे ठरवायला २०१४ मध्ये राणी जाधव समिती नेमली गेली, २०१८ मध्ये नियोजनाचा मसुदा आला. जमिनीची मालकी आजही सार्वजनिक आहे. लंडननं जे गमावलं ते आपल्या हातात आहे.

ते गमावणं किती सोपं असतं, हे गिरणगावानं पाहिलं आहे. गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचा नियम १९९१ मध्ये झाला. २००१ मध्ये तो बदलला, आणि शहराच्या व घरांच्या वाट्याला उरली ती फक्त मोकळ्या जागेतली हिस्सेदारी. गिरणी कामगार घरासाठी अजून मोर्चे काढतात. वांद्रे-कुर्ला संकुलातही ऑफिसं आधी आली, मेट्रो २०२४ मध्ये.

तेव्हा पूर्व किनाऱ्यावर बँका जरूर येऊ देत, त्यांच्या भाड्यातून बंदराच्या निवृत्त कामगारांची पेन्शनही भागू दे. पण पहिली वीट लागण्याआधी चार गोष्टी कायद्यात लिहिल्या पाहिजेत. जमीन विकायची नाही, मुदतीच्या भाडेपट्ट्यानंच द्यायची. पाण्यालगतची सलग पट्टी महापालिकेच्या रस्त्यासारखी सार्वजनिक, तिथं खासगी पहारेकऱ्याचा हुकूम चालणार नाही. कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड ही हार्बर लाइनची स्टेशनं किनाऱ्याशी नीट जोडल्याशिवाय एकाही मनोऱ्याला परवानगी नाही. आणि कौला बंदर, दारूखान्यात वर्षानुवर्षं राहणाऱ्यांना तिथंच पक्कं घर, भाऊच्या धक्क्यावर आणि ससून डॉकला मासळीचा व्यवहार करणाऱ्यांना तिथंच हक्काची जागा.

या अटींमुळं गुंतवणूकदार पळतील, असं सांगितलं जाईल. मुंबईत समुद्राकाठची, रेल्वेला लागून असलेली इतकी जमीन पुन्हा कुणालाही मिळणार नाही. ती हवी असणाऱ्यांना अटी मान्य कराव्याच लागतील. आपण फक्त त्या वेळेवर आणि ठामपणे मांडायला हव्यात.