मिठाने रंग बसत नाही

नवे रंगीत सुती कापड पहिल्यांदा मीठ-तुरटीच्या पाण्यात बुडवावे, म्हणजे रंग पक्का बसतो, हा सल्ला आपल्याकडे इतक्या हक्काने दिला जातो की त्याचा पुरावा मागणे उद्धटपणाचे वाटावे. अमेरिकेत क्विल्ट शिवणाऱ्या बायकांतही तो चालतो, फक्त तुरटीच्या जागी व्हिनेगर. एकट्या साडीच्या बाबतीत त्याने फार बिघडत नाही. रंग गेला तर साडी फिकी होते, एवढेच. गोधडीचे गणित वेगळे. तिथे बाटिकचा गर्द जांभळा तुकडा पांढऱ्या तुकड्याला कायमचा शिवलेला असतो, मध्ये भर, खाली अस्तर आणि वरून सगळीकडे धावदोरा. जांभळ्याने रंग सोडला की शेजारचा पांढरा डागाळतो, आणि तो बदलायचा तर कित्येक आठवड्यांचे काम उसवावे लागते. म्हणून असे कापड शिवण्याआधी धुवावे हे बहुतेकांना पटते. वाद आहे तो कशात धुवावे याचा. माझे म्हणणे असे की मिठाचा उपाय चिमूटभर केला तर वाया जातो आणि नेटाने केला तर उलटतो. या धुण्यात रंग बसवायचा नसतोच. जो बसायचा तो रंगाऱ्याकडे बसला; न बसलेला काढून टाकायचा असतो.

बाटिकच्या बाबतीत हा न बसलेला रंग मुळात राहतो कसा, ते पाहू. जावामध्ये आधी कापडावर मेण लावतात, चांतिंग नावाच्या तोटीच्या लेखणीने किंवा चाप म्हणजे तांब्याच्या ठशाने. मेण 60 अंशांच्या आसपास वितळते, तेव्हा रंगाचे पाणी गारच ठेवावे लागते आणि गार पाण्यात काम करणारेच रंग निवडावे लागतात. इंडोनेशियात रिअॅक्टिव्ह रंग, नॅफ्थॉल, इंडिगोसोल चालतात. आपल्याकडे उज्जैनजवळच्या भैरूगडच्या बाटिकमध्येही नॅफ्थॉल आहेच. यांतला रिअॅक्टिव्ह रंग तसा अलीकडचा. रॅटी आणि स्टीफन या दोन रसायनतज्ज्ञांनी आयसीआय कंपनीत 1954 च्या सुमारास त्याचा मार्ग शोधला आणि 1956 मध्ये तो प्रोसिऑन या नावाने बाजारात आला. रसायनतज्ज्ञ पर्किनच्या पहिल्या कृत्रिम जांभळ्या रंगाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. हा रंग सोड्याच्या मदतीने सुताशी रासायनिक गाठ बांधतो. पण भांड्यात पाणीही असते, आणि थोडा रंग सुताऐवजी पाण्याशीच गाठ बांधतो. तो पुन्हा सुताशी जुळत नाही. धाग्यांच्या आत तो नुसता मुक्कामाला असतो आणि पाणी मिळाले की बाहेर पडतो. गर्द छटेसाठी रंग जास्त घालावा लागतो, त्यामुळे असा उपराही जास्त उरतो.

आता मिठाकडे वळू. रंगारी मीठ वापरतात हे खरे, आणि या समजुतीला बळ मिळते ते इथेच. पाण्यात सुतावर थोडा ऋण भार येतो, रंगावरही ऋण भार असतो. दोघे एकमेकांना दूर ढकलतात. मीठ हे ढकलणे कमी करते आणि रंगाला धाग्याकडे लोटते. गाठ बांधते ती सोड्यामुळे, मिठामुळे नव्हे. शिवाय गर्द रंगासाठी रंगारी लिटरमागे 50 ग्रॅम किंवा त्याहून अधिक मीठ घालतो. पंधरा लिटरच्या बादलीत हे प्रमाण पाऊण किलो होते. आपण घालतो मूठभर. एवढ्याने काहीच होत नाही. आणि खरोखर पाऊण किलो घातलेच, तर उपरा रंग पाण्यात यायचे सोडून धाग्याला चिकटून बसतो. बादलीतले पाणी स्वच्छ दिसते, धुणारीचे समाधान होते, आणि पुढच्या साध्या पाण्यात मीठ निघून गेल्यावर तोच रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो. "आम्ही मीठ घातले आणि पाणी पांढरे आले" हा अनुभव खोटा नाही. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. तुरटीचा इतिहास तर मानाचा आहे. मंजिष्ठेचा किंवा आल नावाच्या झाडाच्या मुळांचा लाल रंग सुतावर तुरटीशिवाय धरत नाही, आणि त्यासाठी रंगारी कापडाला आधी तुरटी देत असे. रंग बदलले, सल्ला मागे राहिला. व्हिनेगरही लोकर-रेशमाच्या आम्ल रंगांच्या कामाचे. सुताची गाठ अल्कलीत बांधली जाते, तिला आंबटाचा काही उपयोग नाही.

मग करायचे काय? गरम पाणी, भरपूर पाणी, आणि निघालेला रंग पाण्यातच तरंगत ठेवणारा, ब्लीच नसलेला साबण. पाणी 60 अंशांच्या आसपास असावे, हात घालवणार नाही इतके, म्हणून काठीने हलवावे. प्रत्येक रंग वेगळा धुवावा आणि ओला गोळा करून ठेवू नये, कारण साचलेल्या ओलीत रंग घडीघडीतून पसरतो. बोअरचे जड पाणी या कामात आडवे येते; त्यातला चुना साबणाला आणि रंगाला दोघांनाही धरून ठेवतो, तेव्हा पाणी मऊ करणारी पूड घालावी किंवा साठवलेले पावसाचे पाणी घ्यावे. नॅफ्थॉलचा प्रकार थोडा निराळा. तो धाग्यात न विरघळणाऱ्या कणांच्या रूपात तयार होतो, आणि वरवर राहिलेले कण घासल्याने निघतात. कोरड्या पांढऱ्या चिंधीने कापड चोळले की चिंधी लाल होते. इथेही उपाय गरम साबणाचाच.

यावर कोणी म्हणेल, मेण काढायला बाटिक उकळलेलेच असते, पुन्हा गरम पाणी कशाला? उकळतात ते मेण सुटावे म्हणून. ते सुटले की काम झाले, उपरा रंग संपेपर्यंत कोणी थांबेलच असे नाही. गरम पाण्याने रंग उडेल ही भीतीही फोल आहे, कारण गाठ बांधलेला रंग अशा धुण्याने सुटत नाही आणि जो सुटतो त्यावर भरवसा ठेवता येत नव्हताच. कापड आटेल, हे मात्र खरे. पण ते गोधडीत आटण्यापेक्षा आधीच आटलेले बरे. रंग धरून ठेवणारी द्रावणे मिळतात आणि ती मिठासारखी पोकळ नाहीत. धन भाराची असल्याने उपऱ्या रंगाला खरोखर पकडतात. पण ही पकड दर गरम धुण्याला सैल होते, म्हणून ती धुण्याच्या जागी वापरू नयेत, धुऊनही हट्ट न सोडणाऱ्या कापडासाठी राखावीत. एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. कापून आलेले लहान चौकोन आधी धुतले तर कडांचे धागे सुटतात आणि माप बिघडते. ते तसेच शिवावेत, आणि तयार गोधडीचे पहिले धुणे गार पाण्यात उरकण्याऐवजी टब भरून गरम पाण्यात करावे.

बादलीतल्या पाण्याचा रंग बघून निर्णय घेऊ नये. काचेच्या पेल्यात गरम पाणी घ्यावे, त्यात साबणाचा थेंब टाकून बाटिकची बोटभर पट्टी आणि तेवढीच पांढऱ्या सुताची पट्टी अर्धा तास सोडावी, मग दोन्ही एकमेकींवर दाबून वाळवाव्यात. पाणी गुलाबी झाले तरी चालेल. पांढरी पट्टी पांढरी राहिली, की कात्री घ्यावी.