स्ट्रॉबेरी नक्की मरते कधी?

टोपलीतली स्ट्रॉबेरी जिवंत असते की मेलेली?

हसू नका. या एका प्रश्नावर बीबीसीच्या रेडिओ फोरवर भलेभले शास्त्रज्ञ हिरिरीने भांडलेत. कार्यक्रमाचं नाव 'द इन्फिनिट मंकी केज', सुरुवात नोव्हेंबर २००९. फंडा सिंपल. फिजिक्सचा प्रोफेसर ब्रायन कॉक्स, शेजारी कॉमेडियन रॉबिन इन्स, जोडीला दोनेक शास्त्रज्ञ, आणखी एखादा कॉमेडियन आणि समोर प्रेक्षक. हा कॉक्स नव्वदच्या दशकात पॉप बॅण्डमध्ये कीबोर्ड वाजवायचा. (आपले फिजिक्सचे सर कीबोर्डवर इमॅजिन करून बघा. जमतंय?)

तर स्ट्रॉबेरी. हा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षं पुरला, कारण तो दिसतो तितका येडा नाहीच. देठापासून तोडली तरी तिच्या पेशींचा श्वास चालूच असतो. ऑक्सिजन घ्यायचा, साखर जाळायची, कार्बन डायॉक्साइड सोडायचा. फ्रिजमध्ये ती जास्त टिकते ती म्हणूनच. थंडीत हे सगळं मंदावतं. बरं, वर ज्या बारीक बिया दिसतात, ती खरं तर एकेक फळं आणि बी त्यांच्या पोटात. लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला तळ. त्यातली बी पेरली तर रोपही येऊ शकतं. मग मेलं कोण? पुढच्या वेळी महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी-क्रीमचा ग्लास हातात आला की आठवा!

नावातलं माकडही असंच. माकडाला टाइपरायटर आणि अनंत वेळ दिला तर कधीतरी ते अख्खा शेक्सपिअर टाइप करेल, असं गणित सांगतं. २००२ मध्ये इंग्लंडमधल्या पेंटन झूमध्ये सहा माकडांच्या पिंजऱ्यात खरंच कॉम्प्युटर ठेवला. महिन्याभरात पाच पानं झाली, बहुतेक सगळी 'एस' या एकाच अक्षराची. २०२४ मध्ये सिडनीच्या गणितज्ञांनी हिशोब मांडला, की एका चिंपांझीने सेकंदाला एक बटण दाबलं तरी आयुष्यभरात 'बनानाज' एवढा एक शब्द उमटण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के. शेक्सपिअर लांबच राहिला.

खरं सांगू? यातले निम्मे विनोद तिकडचं राजकारण माहीत नसेल तर डोक्यावरून जातात. कधीकधी पाहुण्या कॉमेडियनला नुसतं शोभेला बसवलंय असंही वाटतं. तरी मी ऐकते, कारण तिथे टर उडते ती उत्तराची. प्रश्न विचारणाऱ्याची नाही.

आमच्या धंद्यात बरोब्बर उलटं. मास कॉमला शिकवलेलं, की मूर्ख प्रश्न असा नसतोच. मग एका कंपनीच्या प्रेस कॉन्फरन्सला मी विचारलं, "सोल्यूशन्स म्हणजे तुम्ही नक्की काय विकता?" मागच्या रांगेतून खीः खीः. नंतर चहाच्या टेबलावर तेच खीः खीःवाले माझ्याजवळ. "काय म्हणाला गं तो? नीट कळलं नाही."

तुमच्या मीटिंगमध्ये तरी काय वेगळं असतं? बॉस 'सिनर्जी' म्हणतो, बारा माना डोलतात. अर्थ कुणीच विचारत नाही, कारण अप्रेझल तोंडावर आलेलं असतं. आणि मग तीन आठवडे बारा जण बारा वेगवेगळी कामं करत बसतात.

डिसेंबर २०२५ मध्ये रॉबिन इन्सने हा कार्यक्रम सोडत असल्याचं जाहीर केलं. सोळा वर्षांची जोडी! कॉक्ससमोर तितक्याच निरागस चेहऱ्याने वेडेवाकडे प्रश्न टाकणारा दुसरा कुणी मला तरी दिसत नाही. जुने एपिसोड मात्र पॉडकास्ट म्हणून मिळतात. लोकलमध्ये ऐकायला एकदम बेस्ट. फक्त कानात हेडफोन घालून एकट्याच खिदळायला लागलात की शेजारची बाई जरा सरकून बसते, एवढं लक्षात ठेवा. गर्दीच्या वेळी तेही बरंच.