तेरा लढवय्ये, त्यांत बाई एकही नाही

आमच्या वस्तीतल्या किशोरी गटात दर शनिवारी संध्याकाळी मुली जमतात. एका शनिवारी मी पोचले तर साऱ्या जणी एकाच फोनवर वाकलेल्या. पडद्यावर एक दांडगा देव हातोडा फिरवत होता आणि एक माणूस त्याच्यावर धावून जात होता. ‘रेकॉर्ड ऑफ रॅग्नारॉक’ नावाची जपानी कार्टून मालिका. बरोबरची कार्यकर्ती म्हणाली, “ताई, बंद करायला सांगा. नुसतं रक्त आहे.” मुली म्हणाल्या, “ताई, तुम्ही आधी बघा तर!” म्हणून २०२१ आणि २०२३ साली आलेली दोन्ही पर्वं मी पाहिली. न पाहता बंदी मागणाऱ्यांशी आपण इतकी वर्षं भांडलो. त्यांचीच सवय आपल्याला कशाला?

गोष्ट अशी. देवांची सभा दर हजार वर्षांनी भरते. माणसांनी पृथ्वीची वाट लावली म्हणून यंदा मानवजातच संपवायची असं ठरतं. तेव्हा एक बाई उठते. ब्रुनहिल्डे. उत्तर युरोपच्या पुराणांतल्या रणदेवता म्हणजे व्हॅल्किरी, त्या तेरा बहिणींतली ही थोरली. ती देवांना आव्हान देते. तेरा देव, तेरा माणसं, एकास एक अशा लढती. माणसांनी सात जिंकल्या तर मानवजात वाचली.

“बघा ताई, सगळी योजना बाईचीच!” मुली म्हणाल्या. खरं आहे. पण पुढे काय होतं? देवांपुढे माणसाची शस्त्रं टिकत नाहीत, म्हणून ब्रुनहिल्डेच्या बहिणी एकेक करून स्वतः शस्त्र होतात. कुणी भाल्याचं पातं, कुणी तलवार. लढणारा हरून मेला तर त्याच्याबरोबर तीही कायमची संपते. पहिल्या दोन लढतींत लू बू आणि आदम मरतात, आणि रँडग्रिज व रेगिनलेफ या दोघी बहिणीही नाहीशा होतात. जयजयकार होतो तो पुरुषांच्या नावाचा. बाईनं योजना आखायची, बाईनं हत्यार व्हायचं, बाईनंच सोबत मरायचं आणि नाव मात्र त्याचं. मैत्रिणींनो, हे आपण कुठेतरी पाहिलंय ना?

माणसांच्या तेरा जणांत एकही बाई नाही. देवांकडेही नाही. समर्थक म्हणतील, इतिहासात लढवय्ये पुरुषच होते. मग शास्त्रज्ञ निकोला टेस्ला या यादीत कसा? भविष्य सांगणारा नोस्त्रादामस कसा? आणि लढणारीच हवी तर जपानच्याच जुन्या युद्धकथेत तोमोए गोझेन नावाची घोड्यावरून लढणारी स्त्री आहे. आपल्याकडे औरंगजेबाशी झुंजलेली ताराराणी आहे. बायका नव्हत्या असं नाही. कुणी शोधल्या नाहीत.

देवी आहेत, पण प्रेक्षकांत. अ‍ॅफ्रोडायटी बसलेली, तिचे अवाढव्य स्तन सेवकांनी तोलून धरलेले. शिव जपानी मल्ल रायदेनशी लढतो तेव्हा पार्वती, काली आणि दुर्गा या त्याच्या बायका म्हणून हजर असतात. ज्या दुर्गेनं महिषासुर मारला, जिला आपण तुळजापुरात भवानी म्हणून पुजतो, तिला इथे नवऱ्याची लढत बघत बसवलं आहे! देवांचा अपमान झाला म्हणून ओरडणाऱ्यांना यात काही खटकेल का?

खरा राग मला चौथ्या लढतीचा आला. मानवजातीचा प्रतिनिधी म्हणून उतरतो जॅक द रिपर. १८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात त्यानं बायकांचे खून केले, तो कधीच सापडला नाही. मेरी ॲन निकल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज, मेरी जेन केली. ही नावं मालिका पाहणाऱ्या किती जणांना ठाऊक आहेत? ‘त्या वेश्या होत्या’ एवढंच सव्वाशे वर्षं सांगितलं गेलं. हॅली रुबनहोल्ड या इतिहासकार स्त्रीनं २०१९ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं, की पाचांपैकी तिघींबद्दल तसा पुरावाच नाही. त्या गरीब होत्या, बेघर होत्या. मालिका मात्र खुन्याचं दुःखी बालपण रंगवते. दोष कुणाचा? त्याच्या आईचा! ती वेश्या, तिनं त्याच्यावर प्रेम केलं नाही. ह्लॉक ही व्हॅल्किरी मनाविरुद्ध त्याचं हत्यार होते, आणि तो जिंकतो.

म्हणजे बायका मारणारा मानवजातीचा प्रतिनिधी होऊ शकतो, बाई होऊ शकत नाही!

एक गोष्ट या मालिकेच्या बाजूनं सांगायला हवी. आदमच्या कथेत हव्वा निर्दोष आहे. तिला नकोसं करणाऱ्या सर्पदेवानंच तिच्यावर खोटा आळ घेतलेला असतो. तिला शिक्षा होते तेव्हा आदम स्वतःहून फळ खाऊन तिच्याबरोबर जातो. हजारो वर्षांचा कलंक एका कार्टूननं पुसावा याचं मला अप्रूप वाटलं. पण निर्दोष ठरलेली हव्वासुद्धा पुढे रिंगणाबाहेरच.

मग पाहावी का? लहान मुलांनी नाही. चौदा-पंधराच्या मुली पाहणारच आहेत, तर आपण शेजारी बसावं. एरवी, ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांनी हव्वेची कथा तेवढी पाहावी आणि बाकी सोडून द्यावी. नुसत्या मारामारीसाठी सत्तावीस भाग घालवण्याइतकं त्यात काही नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मी मुलींना कागद दिले. म्हटलं, तुमच्या तेरा जणी लिहा. सावित्रीबाई, ताराराणी, मेरी कोम अशी नावं आली. एकीनं आईचं नाव लिहिलं. दारू पिऊन आलेल्या बापाला तिच्या आईनं एका रात्री घराबाहेर काढून कडी लावली होती. दुसरी म्हणाली, “ही कुठे कुणाशी लढली?” त्यावर तासभर वाद झाला.

फोन तोवर कुणीच उघडला नव्हता.